प्रभागात नवं उद्यान होतंय: रहिवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोकळ्या प्लॉटवर ‘नियोजित उद्यान’ अशी पाटी लागली की आधी सगळे खूश असतात. मग कुणीतरी रंगीत चित्राचा फोटो ग्रुपवर टाकतं आणि प्रश्न सुरू होतात. भिंत किती उंच? दिवे कुठे? ते वडाचं झाड राहणार ना? पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, मुंबई इथून पुन्हा पुन्हा येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियम महाराष्ट्रातले आहेत. मुंबईची विकास नियंत्रण नियमावली वेगळी आहे (२०३४पर्यंतच्या विकास आराखड्याची), उर्वरित बहुतेक शहरांना डिसेंबर २०२०ची एकत्रित नियमावली लागू आहे. प्रश्न १ ते ५ सगळ्यांनी वाचावेत, पुढचे गरजेप्रमाणे.

१. ही जागा खरंच उद्यानासाठी राखीव आहे का, हे कुठे कळेल?

पाटीवर विश्वास ठेवू नका, डीपी म्हणजे शहराचा विकास आराखडा बघा. त्यात प्रत्येक आरक्षणाचा प्रकार आणि क्रमांक दिलेला असतो. आराखड्याचे नकाशे महापालिकेच्या संकेतस्थळावर असतात. सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (नगर भूमापन) नंबर माहीत असेल तर नगररचना विभागाकडून (मुंबईत विकास नियोजन खात्याकडून) त्या भागाचा नकाशा आणि झोन दाखला घेता येतो. आरक्षण बदलायचं असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम ३७ खाली जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. वर्तमानपत्रातल्या त्या बारीक अक्षरांच्या सूचना कुणीतरी नेमानं वाचल्या पाहिजेत. निवृत्त मंडळींपैकी एकाला हे काम आनंदानं करताना आम्ही अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

२. उद्यान आणि क्रीडांगण यात फरक काय? मुलांना क्रिकेट खेळता येईल का?

डीपीत ही दोन वेगळी आरक्षणं आहेत. उद्यानात झाडं, पायवाट, बसायला जागा अपेक्षित असते. क्रीडांगणात मोकळं मैदान. प्लॉट उद्यानाचा असेल तर तिथे क्रिकेट चालणार नाही आणि माळी-मुलं भांडण रोजचं होईल. उलटही घडतं. क्रीडांगणाच्या जागेत लॉन, गझिबो आणि ‘गवतावर चालू नये’ची पाटी लावली जाते आणि मुलांचं मैदान जातं. आपल्या प्लॉटचा प्रकार प्रश्न १मध्ये सांगितल्याप्रमाणे आधी बघा. क्रीडांगण असेल तर सुशोभनाला सरळ हरकत घ्या.

३. डिझाइन कोण ठरवतं? आम्हाला विचारणं बंधनकारक नाही का?

नाही. आरक्षण बदलताना हरकती मागवाव्या लागतात, झाड तोडताना सूचना द्यावी लागते, पण बाग कशी आखायची यासाठी वेगळी कायदेशीर सुनावणी नसते. उद्यान विभाग किंवा त्यानं नेमलेला वास्तुविशारद आराखडा करतो, स्थापत्य खातं अंदाजपत्रक बांधतं, नगरसेवक निधी मिळवतो आणि निविदा निघते. तुमचं म्हणणं ऐकलं जाण्याची खरी वेळ निविदा निघण्याआधी असते. भूमिपूजनाचा नारळ फुटल्यावर बदल म्हणजे ‘जादा काम’, आणि ते कुणालाच नको असतं.

म्हणून पाटी दिसताच उद्यान अधीक्षक आणि क्षेत्रीय कार्यालय (मुंबईत वॉर्ड ऑफिस) अशा दोघांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. ही पद्धत तिथे २००६-०७पासून आहे. बाकडी, पायवाट, दिवे अशा छोट्या गोष्टी त्या वाटेनं मंजूर होऊ शकतात.

४. चित्र तर छान आहे. मग अंदाजपत्रक मागा असं तुम्ही का सांगता?

कारण बाग चित्रात नसते, अंदाजपत्रकात असते. चित्रातल्या झाडांना पैसे पडत नाहीत. ती संगणकावर कुठेही उगवतात. अंदाजपत्रकात मात्र प्रत्येक गोष्टीपुढे परिमाण आणि दर असतो, आणि ठेकेदाराला बांधून घेतं ते फक्त तेवढंच.

वाचायचं कसं, ते सांगतो. पहिल्यांदा पेव्हर ब्लॉक, काँक्रीट आणि फरशी यांचे चौरस मीटर एकत्र करा आणि प्लॉटच्या क्षेत्रफळाशी ताडून पहा. निम्म्याहून जास्त जमीन झाकली जात असेल तर ती बाग नव्हे, झाडं लावलेलं अंगण झालं. मग माती शोधा. किती घनमीटर, किती जाडीचा थर? मोकळ्या प्लॉटवर बहुधा वर्षानुवर्षं राडारोडा टाकलेला असतो, त्याच्यावर चार बोटं लाल माती पसरली तर पहिल्या उन्हाळ्यात हिरवळ जाते. रोपांच्या ओळीत नुसतं ‘शोभिवंत झाडे’ लिहिलं असेल तर जाती आणि उंची विचारा. पाण्याची व्यवस्था बघा. बोअर आहे, टँकर आहे की प्रक्रिया केलेलं सांडपाणी? शेवटी देखभालीची मुदत बघा, कारण रोप लावणं सोपं, पहिले तीन उन्हाळे ते जगवणं खर्चाचं.

आता कारंज्याबद्दल, कारण ते जवळजवळ प्रत्येक अंदाजपत्रकात असतंच. आमचं मत स्पष्ट आहे. छोट्या बागेत कारंजं मागू नका. उद्घाटनाच्या दिवशी ते उडतं, मग पंप बिघडतो, मग हौदात पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूची फवारणी करायला माणसं येतात. त्याच पैशात ठिबक सिंचन आणि बाकडी होतात. म्युरल, सेल्फी पॉइंट आणि फायबरचे प्राणी यांबद्दलही असंच म्हणता येईल, पण तिथे वाद घालायला गेलं की ‘तुम्हाला मुलांचा आनंद बघवत नाही’ असं ऐकावं लागतं. एक जिराफ सोडून द्या आणि मातीसाठी भांडा.

५. अंदाजपत्रक मागितलं तर देत नाहीत. पुढे काय?

माहितीचा अधिकार, २००५. अर्जाला १० रुपये शुल्क, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘उद्यानाबद्दल सर्व माहिती द्या’ असं लिहू नका, मोघम उत्तर येतं. मंजूर आराखडा, तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, निविदेच्या अटी आणि कार्यादेश (वर्क ऑर्डर) अशा चार गोष्टींच्या प्रती मागा. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत प्रथम अपील करा.

फार जणांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे या कायद्यात फक्त कागद मिळत नाहीत. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क त्यात आहे. मातीच्या थराबद्दल शंका असेल तर तेच मागा.

६. प्लॉटवर जुनी झाडं आहेत. बागेसाठी झाडं तोडणार हे कसं काय?

होतं असं, आणि नियमितपणे होतं. आराखडा करणाऱ्याला कोरा कागद सोयीचा वाटतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५नुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि महापालिकेचं स्वतःचं कामही त्याला अपवाद नाही. २०२१च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्ष ठरवलं. झाड तोडण्याची सूचना झाडावरच चिकटवलेली दिसली की मुदतीत लेखी हरकत द्या. फोटो, झाडाची जात आणि बुंध्याचा घेर लिहा.

पण त्याआधी एक साधं काम करून ठेवा. एका रविवारी चार जणांनी मिळून प्लॉटवरची सगळी झाडं मोजा, नकाशावर मांडा, आणि तो नकाशा आराखड्याच्या आधी उद्यान विभागाकडे पोचवा. पायवाट वळवणं कागदावर फुकट असतं. ‘पुनर्रोपण करू’ या आश्वासनावर मोठ्या झाडाच्या बाबतीत विसंबू नका. वड-पिंपळ एक वेळ तगतात, आंबा-जांभूळ क्वचित.

७. पेव्हर ब्लॉक नकोत असं म्हटलं की ‘मग चिखल होईल’ असं उत्तर मिळतं. खरं काय?

दोघांचंही थोडं खरं आहे. पुण्यात जमतं ते मुंबईत जमत नाही, कारण तिथे वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मुरमाची वाट जुलैत वाहून जाते. दुसरीकडे, पेव्हरवर पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि ज्येष्ठ नागरिक घसरतात, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. उतार नीट दिला, कडेला दगड बसवले आणि पाणी जायला चर ठेवला तर मुरूम किंवा दगडी कचेची वाट टिकते. मुख्य वाट पक्की आणि आतल्या वाटा कच्च्या, ही तडजोड बहुतेक ठिकाणी मान्य होते.

झाडाच्या बुंध्याशी मात्र तडजोड नको. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडांभोवती एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. पत्रात हा दाखला द्या. बुंध्याभोवती गोल कट्टा बांधून वर माती भरणं हेही तितकंच घातक आहे. बुडाशी सतत ओल राहते आणि खोड कुजतं. कट्टा हवा असेल तर झाडापासून सुटा बांधा.

धुळीची तक्रारही खोटी नाही. दादरच्या शिवाजी पार्कभोवती राहणारे लोक तिथल्या लाल मातीच्या धुळीनं वर्षानुवर्षं त्रस्त आहेत. मोठं मैदान असेल तर पाणी मारण्याची सोय आराखड्यातच हवी.

८. कोणती झाडं मागावीत?

ताम्हण (आपलं राज्यफूल), बहावा, करंज, बकुळ, कदंब, पांगारा, सीताअशोक, नागचाफा. सावली हवी असेल तिथे कडुनिंब आणि जांभूळ, पण जांभूळ वाटेवर नको, कारण फळांचा सडा पडतो आणि त्यावरून तक्रारी येतात. सातवीण देखणी आणि देशी आहे, तरी खिडक्यांजवळ लावू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या रात्री तिच्या उग्र वासानं डोकं दुखणारे, खोकणारे लोक प्रत्येक गल्लीत सापडतात. कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड नकोच. गुजरात सरकारनं २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

मियावाकी पद्धतीचं घनवन सुचवलं जात असेल तर एवढं लक्षात घ्या की त्यात रोपं अगदी दाटीवाटीनं लावतात, त्यामुळे तिथे फिरता-बसता येत नाही. प्लॉटच्या रस्त्याकडच्या कडेला ते उत्तम. छोट्या प्लॉटच्या मधोमध ते लावलं तर लोकांना उरतं ते कुंपण.

९. जॉगिंग ट्रॅक आमच्या बेडरूमपासून दहा फुटांवर आहे. पहाटे पाचला गाणी आणि रात्री दिवे, काय करायचं?

ट्रॅकची जागा कागदावर असतानाच बदलून घ्या (प्रश्न ३). ट्रॅक आणि इमारतीच्या हद्दीमध्ये कामिनी किंवा मेंदीचा दाट पट्टा मागा. त्यानं आवाज फारसा अडत नाही, नजर अडते, आणि खरी तक्रार बहुतेक वेळा नजरेचीच असते.

दिवे खाली तोंड केलेले, झाकलेले आणि पिवळसर हवेत, ३,००० केल्विनच्या आतले. बारा मीटरचा हायमास्ट हे छोट्या बागेतलं सर्वांत वाईट उत्तर आहे. तो समोरच्या तिसऱ्या मजल्यावर उजेड टाकतो आणि झाडाखाली अंधारच राहतो. त्याऐवजी कमी उंचीचे जास्त खांब मागा.

आवाजासाठी ध्वनिप्रदूषण नियम, २००० आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. पहाटे पाचचा हास्यक्लब त्या रात्रीतच येतो! ध्वनिवर्धक तर त्या वेळात बंदच हवा. हसण्यावर कारवाई करा असं आम्ही सुचवत नाही, जागा बदलायला सांगा.

१०. सुरक्षेसाठी उंच भिंत हवी असं निम्मे म्हणतात, निम्मे नको म्हणतात.

नको म्हणणारे बरोबर आहेत. दीड-दोन फुटांची जोती आणि वर जाळी किंवा ग्रील ठेवलं की रस्त्यावरून आत दिसतं. जिथे आत दिसतं तिथे दारूच्या बाटल्या कमी सापडतात. ओढ्याकाठच्या प्लॉटवर भिंतीचा धोका आणखी वेगळा आहे, त्यासाठी प्रश्न २० पहा.

११. स्वच्छतागृह आमच्या बाजूला नको. दुसरीकडे करता येईल का?

प्रत्येक बाजूचे लोक हेच म्हणतात आणि मग स्वच्छतागृह होतच नाही. त्याचा तोटा बायकांना, मधुमेह्यांना आणि लहान मुलांना होतो. ते अर्ध्या तासात घरी परततात आणि बाग पुरुषांची होते. मुख्य फाटकाजवळ, रखवालदाराच्या नजरेत, मलवाहिनीला सरळ जोडता येईल अशी जागा सुचवा. महिलांच्या बाजूला कुलूप लागणार नाही, पाणी आणि दिवा राहील, आणि सफाईचं काम देखभालीच्या करारात असेल, एवढं लिहून घ्या.

१२. खेळण्यांबद्दल काय बघायचं?

उन्हाची दिशा. पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेला तोंड करून बसवली तर संध्याकाळी चारला तिच्यावर पोळी भाजेल. घसरणीचं तोंड उत्तरेला हवं आणि खेळांच्या जागेवर दुपारनंतर झाडाची सावली यायला हवी. खाली रबरी लादी असेल तर तीही उन्हात तापते. वाळू स्वस्त आणि पडायला मऊ, पण ती वरचेवर चाळावी लागते, नाहीतर मांजरं वापरतात. झोक्यांच्या पुढे-मागे धावत्या मुलांची वाट नको. ओपन जिम लहान मुलांच्या खेळांपासून लांब ठेवा, बोटं सापडल्याच्या तक्रारी तिथूनच येतात.

१३. व्हीलचेअर आत जाईल का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६नुसार जायलाच हवी. रॅम्पचा उतार १२ला १पेक्षा तीव्र नको, फाटकाची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर. मोटारसायकली अडवायला बसवलेली फिरती फाटकं आणि नागमोडी नळ्या व्हीलचेअर, बाबागाडी आणि काठी घेतलेले आजोबा या तिघांनाही अडवतात. मोटारसायकलवाले मात्र दुसऱ्या आठवड्यात वाट शोधतात.

१४. बाग दुपारी बंद का ठेवतात?

झाडांना पाणी, सफाई आणि ‘दुपारी नको ती मंडळी येतात’ अशी कारणं दिली जातात. पुण्यातल्या अनेक बागा सकाळी आणि संध्याकाळी उघडतात, दुपारी कुलूप. पण दुपारी सावलीत टेकायची गरज कुणाला असते? घरकाम करून दुसऱ्या घरी जाणाऱ्या बायकांना, डिलिव्हरीवाल्या मुलांना, रिक्षाचालकांना. पूर्ण बाग उघडी ठेवणं जमत नसेल तर फाटकाजवळचा झाडाखालचा बाकांचा भाग वेगळा काढून तेवढा खुला ठेवता येतो. हे डिझाइनमध्ये आधी मागितलं तरच शक्य होतं, कारण त्यासाठी आतलं दुसरं फाटक लागतं.

१५. जोडपी बसतील, त्याचं काय?

बसतील. दोन माणसांनी बाकावर बसणं हा गुन्हा नाही. त्यासाठी बाकडी काढून टाकलेल्या बागा आम्ही पाहिल्या आहेत. जोडपी गेली नाहीत, आजी-आजोबा गेले. दारू-गांजाचा त्रास असेल तर तो वेगळा विषय आहे, त्याचं उत्तर प्रश्न ९ आणि १०मध्ये आहे.

१६. भटक्या कुत्र्यांना आत येऊ देऊ नये असं फाटक करता येईल का?

आपोआप मिटणारं फाटक आणि जमिनीलगत बंद जाळी यानं बरंच काम होतं, पण कायमचं नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३मध्ये कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्या-जाण्याच्या वाटांपासून दूर ठेवाव्यात असं म्हटलं आहे. म्हणजे खाऊ घालणाऱ्यांशी भांडण्यापेक्षा जागा ठरवून घेणं दोघांच्या सोयीचं. पाळीव कुत्र्यांसाठी वेगळा कोपरा हवा का, हे प्लॉटच्या आकारावर आहे. अर्ध्या एकराच्या आत आम्ही तो सुचवत नाही.

१७. कोपऱ्यात छोटं मंदिर किंवा पुतळा बसवायचं घाटतंय. चालतं का?

सार्वजनिक बागेत विनापरवाना धार्मिक बांधकाम चालत नाही, धर्म कोणताही असो. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २००९च्या आदेशात रस्ते आणि सार्वजनिक उद्यानं यांचा नाव घेऊन उल्लेख केला आहे. पुतळ्यासाठी वेगळी शासकीय परवानगी लागते. सुरुवात नेहमी झाडाखाली ठेवलेल्या तसबिरीनं होते, आणि तेव्हा बोलायला कुणी तयार नसतं. बोलायचं असेल तर तेव्हाच.

१८. गणपतीत विसर्जनाचा हौद बागेतच ठेवतात. लॉनचं वाटोळं होतं.

हौद बंद करा असं म्हणून उपयोग नाही, घराजवळ विसर्जनाची सोय चांगलीच आहे. फाटकाजवळ एक पक्का, पाण्याचा निचरा असलेला चौक आराखड्यात मागा, जिथपर्यंत टेम्पो येईल. वर्षभर तिथे योगवर्ग, भाजीबाजार किंवा कोजागरी होऊ शकते. पेव्हरच्या विरोधात लिहिणारे आम्ही इथे मात्र पक्क्या जमिनीच्या बाजूनं आहोत.

१९. बागेखाली पार्किंग करणार म्हणतात. वर बाग राहणारच आहे ना?

राहील ती स्लॅबवरची बाग. मातीच्या मर्यादित थरात झुडपं आणि लॉन होतं, वड-पिंपळ होत नाहीत, आणि पाणी जमिनीत मुरायचं थांबतं. मुंबईत मलबार हिलच्या हँगिंग गार्डनचं उदाहरण बघा. ती बाग जलाशयाच्या छतावर आहे. १८८०च्या दशकातला तो जलाशय नव्यानं बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा परिसरातल्या ३८९ झाडांचा प्रश्न उभा राहिला आणि रहिवाशांनी मोठा विरोध केला. खाली काही बांधलं की वरची बाग कायमची त्याच्या दुरुस्तीच्या मर्जीवर राहते. वांद्र्याचं पटवर्धन उद्यान आणि जुहूचं पुष्पा नरसी पार्क इथेही भुयारी पार्किंगला लोकांनी विरोध केला.

कायद्याचा आधार हवा असेल तर दोन निकाल लक्षात ठेवा. लखनऊच्या अमीनाबादमधल्या झंडेवाला पार्कखाली व्यापारी संकुल बांधलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं १९९९मध्ये ते पाडून पार्क पूर्ववत करायला सांगितलं. त्याआधी १९९१मध्ये बंगळुरूत उद्यानाची जागा खाजगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय रद्द झाला, आणि शेजारच्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हेही त्यात मान्य झालं.

२०. प्लॉट ओढ्याला लागून, निळ्या पूररेषेत आहे. तिथे बाग करणं सुरक्षित आहे का?

निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या. निळ्या रेषेच्या आत इमारत नको, बाग चालते. किंबहुना त्या जागेचा तोच सर्वांत शहाणा उपयोग आहे, फक्त बाग पुरात बुडू शकेल अशी आखली पाहिजे. भराव टाकून जमीन उचलायची नाही, प्रवाहाला आडवी भिंत घालायची नाही, विजेचे बॉक्स आणि स्वच्छतागृह वरच्या अंगाला. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा काठच्या भिंती कोसळून माणसं गेली. ओढ्याकडच्या बाजूला जाळी, तीही पाण्याच्या जोरानं आडवी होणारी, एवढंच मागा.

२१. वरून उच्चदाबाच्या तारा जातात.

अशा पट्ट्यात दुसरं काही होत नाही म्हणून बाग केली जाते. ताराखाली उंच होणारी झाडं, खेळणी आणि पतंगाला आमंत्रण देणारं मोकळं लॉन, तिन्ही नको. वीज कंपनीचं ना-हरकत पत्र आणि त्यातल्या उंचीच्या अटी मागून घ्या (प्रश्न ५). झुडपं, औषधी वनस्पती आणि चालण्याची वाट एवढंच तिथे शोभतं.

२२. आमच्या लेआउटमधला ओपन स्पेस महापालिका सार्वजनिक उद्यान म्हणून विकसित करतेय. आम्ही अडवू शकतो का?

इथे बहुतेक जण घोळ करतात. डीपी आरक्षण सगळ्या शहराचं. लेआउट मंजूर करताना ठेवावी लागणारी मोकळी जागा (एकत्रित नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर १० टक्के) ही त्या लेआउटमधल्या भूखंडधारकांच्या वापरासाठी असते. ॲमेनिटी स्पेस, म्हणजे शाळा, दवाखाना, बाग अशा सुविधांसाठी सोडलेली जागा, हा तिसराच प्रकार. मंजूर लेआउटचा नकाशा काढून तुमची जागा या तिघांतली कोणती ते ठरवा. लेआउटची मोकळी जागा असेल तर तुमच्या संमतीशिवाय ती सर्वांना खुली करता येऊ नये, पण महापालिकेचा निधी हवा आणि फाटकाला कुलूपही हवं, हे दोन्ही एकदम मिळत नाही.

२३. बाग दत्तक घेऊन आम्हीच चालवली तर?

छोट्या बागेला चार मनापासूनची माणसं मिळाली तर फरक पडतो. मुंबईतल्या ओव्हल मैदानाचा कायापालट रहिवाशांच्या पुढाकारानं झाला. दुसरी बाजूही मुंबईचीच. मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या धोरणावर तिथे अनेकदा रान उठलं, कारण काही ठिकाणी दत्तक घेणाऱ्यांनी क्लब उभारले आणि सामान्यांना दार बंद झालं. करारात तीन गोष्टी नसतील तर सही करू नका: प्रवेश विनामूल्य, बांधकामाला मनाई, आणि ठरावीक मुदतीनंतर पुनर्विचार.

२४. काम सुरू झालंय आणि आराखड्याप्रमाणे होत नाही.

कार्यादेश आणि आराखडा हातात घेऊन कनिष्ठ अभियंत्यासोबत साइटवर फेरी मारा, फरक तिथेच लिहून घ्या आणि त्याच दिवशी पत्र द्या. अंतिम बिल निघेपर्यंत तुमच्या तक्रारीला वजन असतं. नंतर दोषदायित्व कालावधी उरतो, त्यात उखडलेली फरशी आणि मेलेली रोपं ठेकेदारानं बदलून द्यायची असतात. तो कालावधी किती, ते निविदेच्या अटींत सापडेल.

२५. आम्हाला बागच नको. आहे ती जमीन तशीच राहू द्या, पक्षी येतात. हे मागता येतं का?

येतं, आणि हा प्रश्न वाढतो आहे. धारावीजवळ मिठीकाठचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, सुमारे ३७ एकरांचं, एकेकाळच्या कचराभूमीवर उभं राहिलं, आणि तिथे आज शोभेच्या लॉनऐवजी जंगल आहे. म्हणजे आरक्षण ‘उद्यान’ असलं तरी नांगर फिरवून हिरवळच लावली पाहिजे असं नाही. पण ‘काहीच करू नका’ असं पत्र दिलं तर तो निधी दुसऱ्या प्रभागात जातो आणि प्लॉट पार्किंगला मोकळा राहतो. म्हणून मागणी अशी करा: कुंपण, एक कच्ची वाट, चार बाकडी, पाण्याचा एक छोटा साठा, आणि बाकी जमीन न छाटलेली.

एक सावधगिरी. जमीन अजून खाजगी मालकाची असेल तर स्वस्थ बसणं धोक्याचं आहे. विकास आराखडा लागू होऊन १० वर्षांत भूसंपादन झालं नाही तर मालक नगररचना अधिनियमाच्या (प्रश्न १) कलम १२७ची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेनं पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. सातबारा किंवा मिळकतपत्रिकेवर कुणाचं नाव आहे, ते आजच काढून बघा.